त्रिशंकूचं अर्थिंग

आमच्या घरात शॉक बसणे हा विजेचा दोष कधीच मानला गेला नाही. ज्याला बसला त्याचा तो दोष. लहानपणी वाड्यात पाण्याची मोटार लागली की मोरीतला नळ चावायचा. तक्रार घेऊन गेलो की वडील वर्तमानपत्रातून डोके न काढता म्हणत, "चप्पल घाल." इस्त्री चावते? चप्पल घाल. रेडिओचे बटण चावते? चप्पल घाल. ओहम नावाच्या एका जर्मन गृहस्थाने वडिलांचे हे मत १८२७ सालीच गणितात मांडून ठेवले होते, हे मला पुढे कॉलेजात कळले. पण ओहमला निदान आकडेमोड करावी लागली. वडिलांचे नुसत्या अधिकारावर भागले.

त्यामुळे २०१८ च्या जूनमध्ये कॅलिफोर्नियात आमची सौ. मला म्हणाली, "अहो, या दाराला मुंग्या आहेत," तेव्हा मी आधी चष्मा पुसून मुंग्याच शोधल्या, हे तुम्ही समजून घ्याल.

पण आधी दार कशाचे ते सांगायला हवे. चिरंजिवांनी आम्हाला अमेरिका दाखवण्यासाठी एक मोटार भाड्याने आणली होती. तिला तिकडे आर. व्ही. म्हणतात. मोटार म्हणायचे आपले सवयीने. आत दोन बिछाने, शेगडी, फ्रिज, बेसिन, एअरकंडिशनर, गरम पाण्याचा बंब आणि (सौ.ने नाक मुरडून पाहिलेला) संडास. "विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात ते हेच," असे ती म्हणाली. विंचवाच्या नांगीचा उल्लेख तेव्हा झाला नव्हता. तो पुढे व्हायचा होता.

हे बिऱ्हाड तसे जुने. १९१० साली पिअर्स-ॲरो कंपनीने 'टूरिंग लँडॉ' नावाची गाडी काढली. मागची बैठक उलगडली की पलंग व्हायची, ड्रायव्हरच्या पाठीमागे घडीचे बेसिन होते आणि ड्रायव्हरशी बोलायला टेलिफोन. म्हणजे अंतर दीड हात, पण श्रीमंताने ड्रायव्हरला हाक मारायची नाही. त्यानंतर खुद्द एडिसनसाहेब, मोटारवाले हेन्री फोर्ड, टायरवाले फायरस्टोन आणि निसर्गावर लिहिणारे म्हातारे बरोज अशी चौकडी दर उन्हाळ्यात रानावनात तंबू ठोकायला निघू लागली. १९२१ साली तर त्यांच्या तंबूत प्रेसिडेंट हार्डिंग येऊन राहिले. रानात जायचे ते साधेपणासाठी. पण बरोबर एडिसन असल्यावर अंधार कोण सोसणार? तंबूतंबूतून बॅटरीवरचे विजेचे दिवे लागत. मंडळी रानात आलीच आहेत तर त्यांना घरच्यासारखे वाटले पाहिजे, हा अमेरिकन विचार तिथला. बॅटरीचा दाब कमी, त्यामुळे कुणाला काही चावल्याची नोंद असलीच तर ती डासांची असेल.

पुढे बिऱ्हाडात फ्रिज आला, एअरकंडिशनर आला, आणि बॅटरीचा खेळ संपला. आता ही गाडी तळावर जाऊन उभी राहते, तिथे प्रत्येक जागेपाशी लोखंडी खोक्याचा एक बुटका खांब असतो, आणि मनगटाएवढ्या जाड वायरीने गाडी त्या खांबाला जुंपायची. या विजेला म्हणतात 'शोअर पॉवर', म्हणजे किनाऱ्याची वीज. शब्द जहाजांचा. बोट धक्क्याला लागली की आपली यंत्रे बंद करून किनाऱ्यावरून वीज घेई, ती शोअर पॉवर. तो शब्द गाड्यांनी तसाच उचलला. समुद्र दोन दिवसांच्या वाटेवर असला, चहूकडे वाळवंट असले, तरी माणूस वायर हातात घेऊन सांगतो, "किनाऱ्याला जोडतोय." भाषेचे असे असते. आमच्या गल्लीत विहीर बुजवून साठ वर्षे झाली, अजून पत्ता 'विहिरीजवळ'.

तर एका नदीकाठच्या तळावर आम्ही संध्याकाळी चारला पोचलो. तळाचे नाव सांगत नाही. तिथली माणसे पुढे फार चांगली वागली. चिरंजिवांनी वायर जुंपली, एअरकंडिशनर घरघरला, बंब तापू लागला. सौ. नळावर पाय धुवायला गेली. बाहेरून आल्यावर पाय धुतल्याशिवाय घरात शिरायचे नाही हा तिचा नेम. आणि घराला चाके आहेत म्हणून नेम मोडत नाही. ओल्या पायांनी गवतातून आली, दाराच्या दांडीला हात लावला आणि ते मुंग्यांचे वाक्य बोलली.

चिरंजीव आतून आले. गाडीच्या लोखंडी पायरीवर उभे राहिले. दांडी धरली. "काही नाही गं आई."

मी बाहेरून गेलो. पायात जाड रबरी तळाचे बूट. दांडी धरली. "काही नाही."

सौ.ने पुन्हा धरली. "आहे!"

"आई, अगं इथे एकशेवीसच व्होल्ट असतात. आपल्या निम्मे."

"मग निम्म्या मुंग्या आहेत."

दोन विरुद्ध एक असा निकाल लागला. मी तर वारसाहक्काने आलेले वाक्य उच्चारले, "चप्पल घाल." ती काही बोलली नाही. आमच्या संसारात याचा अर्थ फार वाईट असतो.

विजेचा इतिहास पाहिला तर त्यात शॉक बसलेला माणूस आणि त्याचे न ऐकणारे लोक यांचीच गोष्ट पुनःपुन्हा येते. १७४६ च्या जानेवारीत लायडनच्या म्युशेनब्रुक नावाच्या प्रोफेसरांनी पॅरिसच्या एका विद्वानाला पत्र लिहिले. काचेच्या बरणीत वीज साठवता येते, असा शोध लागला होता, आणि तो प्रोफेसरांना हातापासून छातीपर्यंत लागला होता. फ्रान्सचे राज्य दिले तरी हा प्रयोग पुन्हा करणार नाही, तुम्हीही करू नका, असा पत्राचा मतलब. करू नका म्हटल्यावर अर्थातच सगळ्यांनी केला. नोले नावाच्या पाद्र्याने पंधराव्या लुईपुढे १८० शिपाई हातात हात देऊन उभे केले आणि बरणी लावली. एकशेऐंशी शिपाई एका क्षणी उडाले. राजाला मजा वाटली. मग त्याने पॅरिसमध्ये मठातल्या साधूंची रांग लावली, तीही उडाली. १७५० च्या नाताळात अमेरिकेत बेंजामिन फ्रँकलिन विजेने टर्की कोंबडा मारायला गेला. झटका कोंबड्याऐवजी त्यालाच बसला. आपल्या चुकीची लाज वाटते असे त्याने पत्रात कबूल केले, हा त्याचा मोठेपणा. कोंबड्याचे मत उपलब्ध नाही.

इथवर सगळे हसण्यावारी होते. पुढच्या शतकात नाही. १८८८ साली एडिसनच्या वेस्ट ऑरेंजच्या प्रयोगशाळेत प्रतिस्पर्ध्याची उलटसुलट वाहणारी वीज किती घातक हे दाखवण्यासाठी जनावरे मारली गेली आणि १८९० च्या ऑगस्टमध्ये ऑबर्नच्या तुरुंगात केमलर नावाच्या कैद्याला त्याच विजेच्या खुर्चीत बसवले. वीज माणसाला मारते हे आता सरकारी कागदावर आले. पण किती वीज मारते? किती नुसती चावते? आणि चावून सोडते की धरून ठेवते? हे साधे प्रश्न कुणी नीट विचारले नाहीत. ते विचारले आमच्या चिरंजिवांच्या घरापासून तासाभरावर, बर्कलेच्या विद्यापीठात.

तिथे चार्ल्स डॅल्झील नावाचे इलेक्ट्रिकलचे प्रोफेसर होते. १९४० च्या आसपास त्यांनी स्वयंसेवक जमवले, डॉक्टर हजर ठेवले, आणि हातात तांब्याची तार देऊन वीज हळूहळू वाढवत नेली. पाहायचे एवढेच, की तार सोडता येते का. कारण वीज हातातून गेली की स्नायू आवळतात. आपण तार धरत नाही, तारच आपल्याला धरते. १३४ पुरुष आणि २८ बायका या खेळात बसल्या. (बर्कलेच्या विद्यार्थ्यांना परीक्षेपेक्षा हे बरे वाटले असावे.) पुरुषांना सरासरी १६ मिलीअँपिअरपर्यंत तार सोडता आली, बायकांना साडेदहापर्यंत. एक मिलीअँपिअर म्हणजे अँपिअरचा हजारावा भाग. झिणझिणी कळायला किती लागते, तोही आकडा त्यांनी दिला: पुरुषांना सुमारे १.१, बायकांना सुमारे ०.७.

हा शेवटचा आकडा मी परत आल्यावर वाचला आणि बराच वेळ सौ.ला दाखवला नाही. बायकांना आधी कळते हे एका प्रोफेसराने मोजून छापले आहे, ही बातमी घरात एकदम सोडण्यासारखी नसते.

असो. तळावर मुंग्यांचा विषय मिटला असे आम्ही दोघे पुरुष समजत होतो. सूनबाई नातीला घेऊन नदीवर गेली होती. नात पाच वर्षांची. साडेपाचच्या सुमारास ती धावत आली. अनवाणी, आंघोळीच्या कपड्यात, निथळत. "आज्जी, भूक!" म्हणत थेट दाराकडे. आणि आमची सौ., जिला गुडघ्यामुळे खाली बसता येत नाही, ती गवतावर बसली होती तिथून कशी उठली देव जाणे, पण दाराच्या आडवी उभी राहिली. नातीला उचलून कडेवर घेतले आणि चिरंजिवांना म्हणाली, "मी वेडी असेन तर असेन. हिला हात लावू देणार नाही."

तेव्हा मला माझ्या बॅगेतला टेस्टर आठवला.

पुण्याच्या तपकीर गल्लीत घेतलेला, पिवळ्या दांड्याचा, आत निऑनचा दिवा असलेला स्क्रू-ड्रायव्हर मी प्रवासात नेहमी नेतो. का नेतो हे मला कुणी विचारले तर सांगता येत नाही; काही लोक जपमाळ नेतात. गवतावर उभा राहून मी त्याचे टोक दाराच्या दांडीला टेकवले, टोपीवर बोट ठेवले आणि उन्हात दिसावे म्हणून डाव्या हाताची ओंजळ धरली. आत नारिंगी ठिणगी होती. मंद, पण होती. गाडीच्या पत्र्याला टेकवले, तिथेही. नंबरप्लेटला टेकवले, तिथेही. म्हणजे दाराला मुंग्या नव्हत्या. अख्खे वारूळच चाकांवर उभे होते.

चिरंजीव एकदम पांढरे पडले. पण डोके शाबूत होते. "कुणी गाडीला हात लावू नका," म्हणाले, आणि वायर ओढायला न जाता आधी खांबावरचा खटका पाडला. एअरकंडिशनर थांबला. इतका वेळ तो किती आवाज करीत होता ते तेव्हा कळले.

आता चिरंजीव आणि मी खोटे बोलत होतो का? नाही, हाच या गाड्यांचा कपटीपणा आहे. घरातल्या फ्रिजचा पत्रा तिसऱ्या पिनेने जमिनीला बांधलेला असतो. गळती झाली तर वीज त्या वाटेने निघून जाते, फ्यूज उडतो, आणि आपण वायरमनला शिव्या देतो. गाडी मात्र रबराच्या टायरांवर उभी. 'टायर आहेत, मग काय भीती?' असे लोक म्हणतात. खरे तर तीच भीती. जमिनीशी नाते फक्त त्या जाड वायरीतल्या एका तारेपुरते. ती तार कुठे सुटली की गाडी त्रिशंकू. धड जमिनीवर नाही, धड अधांतरी नाही. बंबात कुठे जराशी वीज पाझरली की ती सगळ्या पत्र्यावर पसरते आणि वाट बघत बसते. चिरंजीव पायरीवर, म्हणजे त्रिशंकूच्या खांद्यावरच उभे होते. तारेवर बसलेल्या चिमणीला कुठे शॉक बसतो? माझ्या पायात बूट. आणि ओल्या पायांची सौ. म्हणजे विश्वामित्राने तयार केलेले आयते अर्थिंग. धक्का तिलाच, आणि पुरावाही तिच्याचजवळ.

तळावरचा माणूस आला. त्याने खटका बंद आहे ना हे दोनदा पाहून खोके उघडले. अर्थिंगची तार गंजून स्क्रूमधून निसटली होती. तो सौ.कडे वळून टोपी काढून काहीतरी म्हणाला. तिने मला विचारले, "काय म्हणतो?" मी म्हटले, "सॉरी म्हणतो." ती म्हणाली, "तो म्हणतोय." मी गप्प बसलो.

मला त्या वेळी पडलेला प्रश्न तुम्हालाही पडला असेल. खांबावर ब्रेकर होता, तो का पडला नाही? तो तीस अँपिअरचा होता. म्हणजे तीस हजार मिलीअँपिअर. माणसाचा हात सोळाला अडकतो. ब्रेकर असतो तो वायरीला वाचवायला, तुम्हा-आम्हाला नव्हे. वायर महाग असते.

माणसाला वाचवण्याच्या युक्त्या फार उशिरा आल्या. तिसऱ्या पिनेचेच बघा. अमेरिकेत लाब्र नावाच्या एका विद्यार्थ्याने तिचे पेटंट १९२८ मध्ये मिळवले. सांगतात असे, की त्याच्या घरमालकिणीचे मांजर टेबलफॅन पाडायचे, आणि बाई तो उचलायला गेली की तिला शॉक बसायचा. बाईला 'चप्पल घाला' न सांगता हा पोरगा विचार करीत बसला! (मांजर पाळू नका, असेही त्याला सांगता आले असते, भाडेकरू होता, म्हणून नसेल सांगितले.) पण अमेरिकेच्या वीज-नियमावलीत, जी १८९७ पासून निघते, नव्या घरांत सगळीकडे तीन पिनांचे पॉइंट हवेत हे यायला १९६२ साल उजाडले.

डॅल्झीलसाहेब मोजून थांबले नाहीत. १९६१ मध्ये त्यांनी एक यंत्र केले, १९६५ मध्ये पेटंट मिळाले. त्याचे काम शाळेच्या सहलीतल्या मास्तरांसारखे. जाताना पोरे मोजायची, येताना मोजायची. जेवढी वीज एका तारेने गेली तेवढी दुसरीने परत आली का? पाच मिलीअँपिअर कमी भरली, की कुणीतरी तिसऱ्याच वाटेने गेले. त्या वाटेवर माणूस असू शकतो. मग चौकशी नाही, काही नाही, सेकंदाच्या चाळीसाव्या भागात वीज बंद. पाचच का, तर बर्कलेत जवळजवळ प्रत्येक बाईला सहापर्यंत तार सोडता आली होती. म्हणजे हा आकडा तारेला लटकलेल्या त्या अठ्ठावीस बायांच्या हातांनी ठरवलेला आहे. नियमात मास्तर एकेक खोली चढत आले: १९६८ मध्ये पोहण्याच्या तलावातले दिवे, १९७३ पासून घराबाहेरचे पॉइंट, १९७५ न्हाणीघर, १९७८ गॅरेज, १९८७ स्वयंपाकघर. आमच्या तळावरच्या खांबावरही मास्तर होते, पण वीस अँपिअरच्या लहान पॉइंटवर. तीस आणि पन्नासच्या मोठ्या पॉइंटांना त्यांची सक्ती नव्हती. मोठ्या वर्गात हजेरी घेत नाहीत, तसेच.

आणि ज्या बोटींकडून हा शब्द आला तिथे तर काही काळ मास्तरच नव्हते. १९९९ साली ओरेगॉनमध्ये धक्क्याला लागलेल्या एका बोटीतून वीज पाण्यात पाझरत होती. एक आठ वर्षांचा मुलगा तिथे पोहायला उतरला होता. अंगात लाइफ-जॅकेट होते. पाण्याने त्याला बुडवले नाही, विजेने नेले. त्याच्या बापाने त्यानंतर हाच विषय लावून धरला. बोटींच्या धक्क्यांवर गळती पकडणारे यंत्र हवे हे नियमात आले २०११ मध्ये, शंभर मिलीअँपिअरवर तुटणारे. २०१७ मध्ये शंभराचे तीस झाले.

हे वाचल्यावर मला तो नदीकाठ आणि निथळत धावत येणारी नात दिसते. जास्त लिहीत नाही.

आम्हाला दुसरी जागा मिळाली, गाडीचा बंब बंदच ठेवला, आणि भाड्याच्या कंपनीने तो पुढे बदलून दिला. चिरंजिवांनी दुसऱ्या दिवशी दुकानातून तीन दिव्यांचा एक ठोकळा आणला. तो खांबाच्या पॉइंटमध्ये खुपसला की तारा उलटसुलट आहेत का, अर्थिंग आहे का, ते दिसते. तीस अँपिअरचा पॉइंट दिसायला कपडे वाळवायच्या यंत्राच्या दोनशेचाळीस व्होल्टच्या पॉइंटसारखा, म्हणून घरगुती इलेक्ट्रिशियन कधी कधी गाडीला दुप्पट दाब जोडून देतो, हेही त्या दुकानदाराने ऐकवले. पुढच्या प्रत्येक तळावर गाडी जुंपायच्या आधी तो ठोकळा सौ.च्या हातात दिला जाई. ती तो लावून बघायची, मग टेस्टर घेऊन दार, पत्रा, नंबरप्लेट, आणि शेवटी "या" म्हणायची. तेव्हा आम्ही आत शिरायचो. पाय धुऊन.

पुण्याला परत आल्यावर तिसऱ्या दिवशी ती टेस्टर घेऊन न्हाणीघरात गेली. गीझरच्या नळाला लावला. ठिणगी.

हा नळ गेली नऊ वर्षे पावसाळ्यात जरासा चावतो, हे घरात सर्वांना ठाऊक होते. सर्वांनी त्यावर इलाजही केलेला होता. न्हाणीघराच्या दाराशी रबरी स्लिपरचे दोन जोड होते. मी इलेक्ट्रिशियनला बोलावले. त्याने नळाकडे पाहिले, स्लिपरांकडे पाहिले, आणि सौ.ला समजावणीच्या सुरात म्हणाला, "काकू, जुनं वायरिंग आहे. एवढं चालायचंच. चप्पल घालून आंघोळ करत जा."

सौ. म्हणाली, "बरं. तुम्ही तुमची काढा, पाय ओले करा, आणि लावा हात."

त्याने खाली ओल्या फरशीकडे पाहिले. मग माझ्याकडे. मी वर्तमानपत्रात डोके घातले.

"अर्थिंगचा खड्डा कुठाय?" त्याने विचारले.

खड्डा जिन्याखाली सापडला. त्यात कोरडी माती होती आणि कुणीतरी लावलेली तुळस. घराची दृष्ट काढायला मीठ-मोहऱ्या लागतात, विजेची काढायला मीठ-कोळसा. संध्याकाळी मी दोन पोती कोळसा आणि एक पोते मीठ रिक्षातून आणले. गळती मोजणारे मास्तर मीटरशेजारी बसवले. तुळस कुंडीत गेली. स्लिपरचे जोड अजून दाराशीच आहेत. एक माझा आहे.